गरिबीचे मानसशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरिबी आणि मन यांच्या संबंधाविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे अधिक विस्ताराने आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गरिबीचे मानसशास्त्र म्हणजे नेमके काय? गरीब माणसाचे मन वेगळे असते का?

नाही, आणि या विषयातील बहुतेक गैरसमज या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासूनच सुरू होतात. येथे दोन गोष्टींचा अभ्यास होतो. सततच्या चणचणीचा माणसाचे लक्ष, निर्णय, झोप, नाती आणि स्वतःविषयीचे मत यांवर काय परिणाम होतो, ही पहिली. गरीब नसलेली माणसे गरिबांकडे कशी पाहतात आणि त्या पाहण्यातून कोणते नियम व कोणती वागणूक जन्माला येते, ही दुसरी. दुसरीकडे लक्ष कमी जाते, कारण प्रश्न विचारणारा बहुधा त्याच बाजूला उभा असतो.

गरिबीचा उगम मनात नसतो. उत्पन्न, मालमत्ता, रोजगार, शिक्षण, आरोग्यसेवा आणि सामाजिक स्थान यांच्या अभावातून ती तयार होते. मन त्या अभावाचे परिणाम सोसते, आणि काही वेळा त्या परिणामांमुळे अभाव अधिक काळ टिकतो. उगम आणि परिणाम यांतील हा फरक पुढील सर्व उत्तरांत गृहीत धरला आहे.

२. गरीब कोणाला म्हणायचे, हे कसे ठरवतात?

जागतिक बँकेने जून २०२५ पासून अतिगरिबीची रेषा प्रतिव्यक्ती प्रतिदिन ३ डॉलर, २०२१ च्या क्रयशक्ती-समानतेनुसार (म्हणजे देशोदेशींच्या किमतींतील फरक जुळवून), अशी धरली आहे. २०१० पासून वापरात असलेला बहुआयामी गरिबी निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन अंगांतील १० निकष पाहतो. मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत उपयोगी व्याख्येचे बीज १७७६ सालचे आहे. ॲडम स्मिथ यांनी लिहिले होते की लिननचा सदरा जगण्यासाठी अनिवार्य नाही, तरीही त्यांच्या काळातील युरोपात एखाद्या मजुराला तो नसताना चारचौघांत जायला लाज वाटेल, म्हणून तो गरजेच्या वस्तूंतच मोजला पाहिजे. पोट भरणे आणि मान राखून वावरता येणे या दोन्ही गरजा आहेत, ही समज पुढे अमर्त्य सेन यांच्या विचारातही महत्त्वाची ठरली. (लाजेविषयी प्रश्न ९ पाहावा.)

३. पैशाच्या चणचणीचा विचारशक्तीवर परिणाम होतो, हे कशावरून म्हणतात?

या दाव्याचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा आधार म्हणजे आनंदी मणी, सेंदिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन. त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात न्यू जर्सीतील एका मॉलमध्ये आलेल्या लोकांना मोटारीच्या दुरुस्तीचा कल्पित खर्च सांगून, तो कसा भागवाल याचा विचार करायला लावले आणि त्याच वेळी त्यांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. खर्च १५० डॉलर सांगितला, तेव्हा कमी आणि जास्त उत्पन्नाच्या लोकांची कामगिरी जवळपास सारखीच राहिली. तो १,५०० डॉलर सांगितला, तेव्हा कमी उत्पन्नाच्या लोकांची कामगिरी स्पष्टपणे घसरली आणि जास्त उत्पन्नाच्या लोकांची घसरली नाही.

दुसरा भाग अधिक बोलका आहे. तमिळनाडूतील ५४ गावांमधील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची चाचणी एकदा तोडणीपूर्वी, म्हणजे हात रिकामे असताना, आणि एकदा तोडणीनंतर, म्हणजे पैसे हाती आल्यावर घेण्यात आली. माणूस तोच आणि त्याचे शिक्षणही तेच, तरीही तोडणीनंतरची कामगिरी सरस होती. येथे गरीब आणि श्रीमंत अशी दोन वेगळ्या माणसांची तुलना नाही, तर एकाच माणसाच्या दोन हंगामांची तुलना आहे. म्हणूनच ‘त्यांची बुद्धीच कमी’ या जुन्या समजुतीला या निष्कर्षाने मोठा धक्का दिला.

स्पष्टीकरण साधे आहे. घरभाडे, औषध, शाळेची फी आणि उसने घेतलेले पैसे यांची तोंडमिळवणी डोक्यात अखंड चालू असेल, तर इतर गोष्टींसाठी लक्ष कमी उरते. बुद्धी असते तेवढीच राहते. ती आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली असते.

४. पण असे प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत, असे वाचले. खरे काय?

अंशतः खरे आहे, आणि लोकप्रिय लेखांत हा भाग बहुधा गाळला जातो. मुल्लैनाथन, शफीर आणि अनुज शाह यांच्या २०१२ च्या शोधनिबंधातील एक प्रयोग, ज्यात खेळातील संधी कमी करून कृत्रिम टंचाई निर्माण केली होती, नंतरच्या पडताळणीत टिकला नाही. ही पडताळणी दोन अग्रगण्य विज्ञान नियतकालिकांतील २१ प्रयोगांची होती. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा १३ प्रयोग टिकले आणि ८ टिकले नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची पगाराच्या आधी आणि नंतर तुलना केली असता, विचारशक्तीच्या चाचण्यांत फरक आढळला नाही; पगारापूर्वीची माणसे पैशाच्या बाबतीत हातात लगेच पडणाऱ्या रकमेकडे अधिक झुकलेली मात्र दिसली.

शेतकऱ्यांच्या अभ्यासावरही आक्षेप आले. दुसऱ्या वेळी तीच चाचणी देताना सरावाचा फायदा झाला असेल, हा त्यांतील पहिला. त्यासाठी संशोधकांनी फक्त तोडणीनंतर तपासलेल्या वेगळ्या गटाशीही तुलना केली होती. माझ्या मते या सगळ्याचा संयत निष्कर्ष असा निघतो : चणचण लक्ष वेधून घेते, याला बऱ्यापैकी आधार आहे, ती विचारशक्ती किती घटवते, कोणाची आणि किती काळ, याविषयी एकच आकडा सांगणे धाडसाचे आहे. पगाराच्या आधीचे चार दिवस आणि तोडणीपूर्वीचे कित्येक महिने ही एकाच मापाची ओढाताण नाही, हेही विसरता कामा नये.

५. गरीब लोक भविष्याचा विचार का करत नाहीत? जास्त व्याजाचे कर्ज काढून ते आणखी अडचणीत का येतात?

भविष्याचा विचार होत नाही, हे गृहीतकच तपासून घ्यावे लागते. हातावर पोट असलेले कुटुंब एकाच वेळी अनेक ठिकाणी थोडे थोडे पैसे ठेवते, उसने देते आणि घेते, भिशीत भरते, वस्तू गहाण टाकते व सोडवते. एवढा बारीक हिशेब महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या घराला ठेवावा लागत नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हा सल्ला अंथरुणाची लांबी ठाऊक असणाऱ्याला लागू पडतो. रोजच्या कामाची खात्री नसलेल्या माणसाचे अंथरूण दर रात्री वेगळ्या मापाचे असते. सरासरी उत्पन्न कमी असण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ही अनिश्चितता निर्णयांना आकार देते. आजारी मुलाला आज डॉक्टरकडे न्यायचे असेल आणि पैसे आजच हवे असतील, तर सहा महिन्यांनी द्यावे लागणारे व्याज हा दूरचा प्रश्न ठरतो. अभ्यासक या अवस्थेला बोगद्याची उपमा देतात : आतल्या माणसाला समोरचे एकच तोंड दिसते, आजूबाजूचे काही दिसत नाही. पण हेही लक्षात घ्यावे की बँक दारात उभे करत नसेल, तर महाग कर्ज ही चूक नसून उपलब्ध असलेला एकमेव पर्याय असू शकतो. चुकीचा निर्णय आणि वाईट पर्यायांतून केलेली निवड बाहेरून अगदी सारख्या दिसतात.

६. संयम असलेली मुले पुढे यशस्वी होतात, असे मार्शमॅलोच्या प्रयोगाने सिद्ध झाले आहे ना? मग गरिबी हा संयमाचा प्रश्न नाही का?

वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांवर हे प्रयोग केले : समोरची मिठाई लगेच खाल्ली तर एक, थांबलात तर दोन. थांबलेली मुले पुढे शिक्षणात सरस ठरली, असे दिसले आणि त्यावर आत्मसंयमाचे तत्त्वज्ञान उभे राहिले. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी वेगवेगळ्या थरांतील ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती, आईचे शिक्षण आणि मुलाची सुरुवातीची क्षमता हिशेबात धरल्यावर, थांबणे आणि पुढचे यश यांतील संबंध जवळपास दोन तृतीयांशाने आटला.

त्याआधीचा सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा एक छोटा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात २८ मुले होती. निम्म्या मुलांना आधी एका मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देण्याचे वचन दिले आणि पाळले. उरलेल्यांना वचन दिले आणि मोडले. नंतर मार्शमॅलो समोर ठेवला, तेव्हा पहिल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली आणि दुसऱ्या गटातील ३ मिनिटे. ज्या जगात दिलेला शब्द पाळला जात नाही, तेथे हातातले खाऊन टाकणे हाच शहाणपणा आहे, आणि तो शिकायला त्या मुलांना काही मिनिटे पुरली.

७. खायची भ्रांत असताना सणसमारंभ, मोबाइल किंवा दारूवर खर्च कसा होतो?

यांतील प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. समारंभावरचा खर्च हा बहुतांशी नातेसंबंधांचा विमा असतो. अडचणीच्या वेळी ज्यांच्या दारी जावे लागणार, त्यांच्या आनंदात न जाणे परवडत नाही. मोबाइल हे आज काम मिळवण्याचे साधन आहे. शिवाय कंटाळा घालवण्याची आणि थोडा आनंद मिळवण्याची गरज उत्पन्नाबरोबर कमी होत नाही. सुस्थितीतील माणसाच्या अशाच खर्चाला आपण ‘विरंगुळा’ म्हणतो.

व्यसनाविषयी मात्र ठोस पुरावा आहे. गरीब कुटुंबांना रोख रक्कम दिल्यावर दारू व तंबाखूवरील खर्चाचे काय झाले, हे पाहणाऱ्या १९ अभ्यासांचा आढावा डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा यांनी घेतला. असा खर्च वाढत असल्याचे त्यात दिसले नाही, उलट सरासरी परिणाम किंचित घटीचा होता. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आहेतच, पण त्यांवरून धोरण आखणे म्हणजे अपवादाला नियम मानणे होय.

८. गरिबीमुळे नैराश्य येते की नैराश्यामुळे गरिबी?

दोन्ही घडते. एखाद्या समाजातील सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांत नैराश्य आणि चिंताविकार यांचे प्रमाण सर्वाधिक उत्पन्नाच्या लोकांच्या तुलनेत दीड ते तीन पट आढळते, असे २०२० च्या एका व्यापक आढाव्यात नोंदले आहे. पण नुसत्या प्रमाणावरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कळत नाही. त्यासाठी उत्पन्न बाहेरच्या कारणाने बदललेली उदाहरणे शोधावी लागतात.

असे एक उदाहरण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात योगायोगाने मिळाले. जेन कॉस्टेलो आणि सहकारी १९९३ पासून तेथील १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची दरवर्षी पाहणी करत होते. त्यांतील सुमारे चतुर्थांश मुले चेरोकी या मूलनिवासी समाजाची होती. १९९६ मध्ये त्या समाजाच्या जमिनीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातील वाटा समाजातील सर्वांना, कोणतीही अट न घालता मिळू लागला. ज्या कुटुंबांची गरिबी त्यामुळे सरली, त्यांच्या मुलांमधील वर्तनविषयक विकारांची लक्षणे कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीपर्यंत उतरली. कारणांचा शोध घेतला, तेव्हा पालकांना मुलांकडे लक्ष द्यायला मिळालेली सवड हा दुवा ठळकपणे पुढे आला. चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांत मात्र तसा फरक दिसला नाही. पैशाने सगळेच बरे होते, असा निष्कर्ष येथून काढता येत नाही.

उलट दिशेचा प्रवासही खरा आहे. नैराश्याने झोप, उमेद आणि एकाग्रता जाते, काम सुटते, उपचाराचा खर्च वाढतो. म्हणून नैराश्यावरील उपचार हा गरिबीवरील उपायांचाही भाग ठरतो.

९. हक्काची मदत असूनही लोक ती घ्यायला का जात नाहीत?

माहिती नसणे आणि हेलपाटे परवडत नसणे ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. लाज हे कारण मात्र क्वचितच नोंदले जाते. रॉबर्ट वॉकर आणि सहकाऱ्यांनी युगांडा, भारत, चीन, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, ब्रिटन आणि नॉर्वे या सात देशांतील गरीब लोकांशी बोलून २०१३ मध्ये जे मांडले, ते चटका लावणारे आहे. या देशांतील राहणीमानात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरीही गरीब असण्याची लाज सगळीकडे ओळखू येईल इतकी सारखी होती. सावकाराची वाट चुकवणे, पाहुणे येतील म्हणून धास्तावणे, मुलांना सहलीला न पाठवण्यासाठी खोटी सबब सांगणे अशी तिची रूपे आहेत.

ही लाज आपोआप उगवत नाही. तिला खतपाणी मिळते. जास्त कागदपत्रे, पुन्हा पुन्हा पडताळणी, सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाणारी यादी आणि ‘खरे गरीब आहात ना?’ असा सूर यांतून अर्जदार आधीच संशयित ठरतो. प्रश्न ३ मध्ये सांगितलेला लक्षाचा ताणही येथे भर घालतो : ज्याच्या डोक्यात सर्वांत जास्त गोष्टी आहेत, त्याच्याकडूनच आपण सर्वांत लांबलचक अर्ज निर्दोष भरून मागतो.

१०. ‘दारिद्र्याची संस्कृती’ पिढ्यान्‌पिढ्या चालते, हे खरे आहे का?

ही कल्पना मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी मेक्सिकोतील कुटुंबांच्या अभ्यासातून १९५९ मध्ये मांडली. उपेक्षेशी जुळवून घेताना माणसे काही सवयी अंगी बाणवतात आणि त्या मुलांपर्यंत लहानपणीच पोहोचतात, असे त्यांचे म्हणणे होते. ती सर्व गरिबांना लागू आहे, असे ते स्वतः मानत नव्हते. अमेरिकेतील गरिबांपैकी साधारण २० टक्क्यांनाच ती लागू पडेल, असा त्यांचा ढोबळ अंदाज होता. पुढे ही मर्यादा गळून पडली आणि ‘त्यांची संस्कृतीच तशी’ एवढेच शिल्लक राहिले. एखाद्या कल्पनेचे तिच्या निर्मात्याच्या हातून निसटून असे रूपांतर होणे, हा समाजशास्त्रातला काही नवा प्रकार नाही. पिढ्यान्‌पिढ्या गरिबी चालते हे खरे, पण वारसाहक्काने सवयींच्या आधी जमीन नसणे, कर्ज असणे आणि शाळा दूर असणे मिळते.

११. काम नसलेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो; मग तो त्याचा उपयोग का करत नाही?

या प्रश्नाचे उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वी मिळाले आहे. ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळच्या मारीएनथाल या गावातील कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तेथील ४७८ कुटुंबांचा अभ्यास करून तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. बेकारीमुळे माणसे संतप्त होऊन उठतील, असे अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात गाव थकून गेले. वाचनालयात पुस्तके मोफत मिळू लागली, तरी नेली जाणारी पुस्तके निम्म्याच्या आसपास आली. संशोधकांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग मोजला : पुरुष संथ चालत आणि वारंवार थांबत. दिवसभराची नोंद लिहायला सांगितली, तर त्यांच्याकडे लिहिण्यासारखे फारसे नसे. स्त्रियांवर घरकामाचा भार होता, त्यामुळे त्यांचा दिवस तुटक झाला नव्हता. रोजगार पैशाबरोबर दिवसाला आकारही देतो, आणि आकार गेलेला वेळ मोकळा वेळ ठरत नाही.

१२. मी स्वतः गरिबीतून वर आलो. मला जमले, ते इतरांना का जमत नाही?

आपल्या कष्टांविषयी शंका नाही. पण वर आलेला माणूस स्वतःची गोष्ट सांगायला उरतो आणि तेवढेच कष्ट करूनही न आलेला माणूस व्यासपीठावर बोलावला जात नाही, म्हणून आपल्याला फक्त एकाच प्रकारच्या कथा ऐकू येतात. स्वतःच्या वाटेवरचे अडथळे लख्ख आठवतात. योग्य वेळी फी भरणारा नातेवाईक, आजारपणाविना गेलेली वर्षे किंवा नेमकी त्याच वर्षी निघालेली भरती सहज विसरली जाते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. मेल्विन लर्नर यांनी १९६६ मध्ये कॅरोलिन सिमन्स यांच्यासह केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना एका स्त्रीला विजेचे धक्के बसत असल्याचा देखावा दाखवला. तिचा त्रास थांबवणे हाती नव्हते, तेव्हा प्रेक्षक तिच्याविषयीच वाईट मत करून घेऊ लागले. जग न्यायाने चालते, ही श्रद्धा आपल्याला सुरक्षित ठेवते. समोरच्याचे दुःख त्याच्याच दोषामुळे आहे असे ठरवले, की ते आपल्यापर्यंत येणार नाही, असा दिलासा मिळतो.

१३. फुकट पैसे दिले, तर लोक आळशी होणार नाहीत का?

अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना, गॅब्रिएल क्राइंडलर आणि बेंजामिन ओल्कन यांनी सहा विकसनशील देशांतील सात सरकारी रोख-मदत कार्यक्रमांच्या यादृच्छिक चाचण्यांची, म्हणजे मदत कोणाला मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या प्रयोगांची, माहिती पुन्हा तपासली. लोक काम सोडतात किंवा कमी करतात, याचा पद्धतशीर पुरावा मिळाला नाही. केनियातील ग्रामीण कुटुंबांना विनाअट रोख दिल्यावर त्यांचे समाधान वाढले आणि ताण व नैराश्याची लक्षणे कमी झाली, असे योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी २०१६ मध्ये दाखवले. (दारू-तंबाखूविषयी प्रश्न ७ पाहावा.)

१४. मानसिकता बदलली, तर गरिबी जाईल का? प्रेरणादायी व्याख्यानांचा उपयोग होतो का?

एकट्या व्याख्यानाने नाही. तरीही आकांक्षा हा विषय टाकाऊ नाही. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी आकांक्षा धरण्याची क्षमताही असमान वाटली गेली आहे, असे म्हटले : ज्याने इच्छेपासून फळापर्यंतच्या वाटा कधी पाहिल्याच नाहीत, त्याला त्या कल्पनेतही आखता येत नाहीत. इथिओपियातील एका प्रयोगात ग्रामीण लोकांना त्यांच्यासारख्याच माणसांच्या प्रगतीचे माहितीपट दाखवले, तेव्हा काही महिन्यांनी बचत आणि मुलांच्या शिक्षणावरील गुंतवणूक वाढलेली दिसली. उदाहरण आपल्यासारख्याचे होते, हे येथे महत्त्वाचे; कोट्यधीशाचे चरित्र असे काम करत नाही.

सर्वांत भक्कम परिणाम मिळतात ते साधने आणि धीर एकत्र दिल्यावर. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांतील चाचण्यांत एकूण सुमारे १०,५०० अतिगरीब सहभागी होते आणि त्यांतील एका गटाला उत्पन्न देणारी मालमत्ता, काही काळ खर्चासाठी मदत, प्रशिक्षण, बचतीची सोय आणि नियमित भेटी देणारा मार्गदर्शक असा संच दिला. कार्यक्रम संपल्यानंतर एक वर्षानेही त्यांचे उत्पन्न आणि उपभोग तुलनेच्या गटापेक्षा वर होते.

१५. आमचे उत्पन्न बरे आहे, तरी सतत ओढाताण वाटते. हीही गरिबीच का?

ती सापेक्ष वंचना असू शकते. माणूस आपली तुलना ज्यांच्याशी करतो, त्यांच्या मानाने आपण मागे आहोत ही भावना खरी असते आणि तिचा त्रासही खरा असतो. पण सुस्थितीतील माणसाला ओढाताण थांबवण्याचा मार्ग असतो : खर्च आवरता येतो, काम कमी करता येते, सुट्टी घेता येते. गरिबीतून अशी सुट्टी घेता येत नाही.

१६. परिस्थिती सुधारून कित्येक वर्षे झाली, तरी पैसे खर्च करताना भीती वाटते. हे असामान्य आहे का?

नाही. अनिश्चिततेत शिकलेले धडे परिस्थिती बदलली म्हणून लगेच पुसले जात नाहीत. एके काळी त्याच सावधगिरीने घर तारलेले असते. काही जण गरज नसताना साठवत राहतात, काही जण त्याच्या उलट पैसे हाती आले की लगेच संपवतात, कारण शिल्लक राहिलेले पैसे कोणाच्या तरी अडचणीला द्यावेच लागतात, असा त्यांचा अनुभव असतो. अनेकांना मागे राहिलेल्या भावंडांविषयी अपराधीपणा वाटतो आणि नव्या वर्तुळात आपण उपरे आहोत, असेही वाटते. ही भीती झोप, आरोग्य किंवा घरातील नाती बिघडवत असेल, आवश्यक उपचारही खर्चाच्या धास्तीने टाळले जात असतील, तर समुपदेशकाशी बोलावे. एरवी ठरावीक रक्कम संकटासाठी बाजूला काढून तिला हात न लावण्याचा नियम केला, तर उरलेली रक्कम खर्च करणे अनेकांना सोपे जाते.